विश्लेषण : परदेशवारीसाठी डॉलर-युरो कुठून घ्यावेत? ‘झिरो कमिशन’मागचा खरा हिशेब काय?

विमानाचे तिकीट दोन हजारांनी स्वस्त मिळावे म्हणून पंधरा-पंधरा दिवस मोबाइलवर दर पाहत बसणारी कुटुंबे परकीय चलन मात्र शेवटच्या दिवशी घेतात. कधी विमानतळावरच्या काउंटरवर, कधी टूरवाल्याने सुचवलेल्या माणसाकडून, तर कधी ‘तिथे गेल्यावर कार्ड आहेच’ असे म्हणत. चार जणांच्या सर्वसाधारण सहलीत या घाईची किंमत आठ-दहा हजार रुपयांपर्यंत जाऊ शकते आणि ती कोणत्याही बिलावर स्वतंत्रपणे लिहिलेली नसते. रोख, फॉरेक्स कार्ड, क्रेडिट कार्ड आणि यूपीआय यांपैकी काय कुठे वापरावे आणि त्यासाठीचे नियम काय आहेत, याविषयी…

गूगलवर दिसणारा दर आपल्याला का मिळत नाही?

मोबाइलवर डॉलरचा भाव शोधला की जो आकडा दिसतो, तो साधारणपणे बँका एकमेकींशी मोठ्या रकमांचे व्यवहार करतात त्या बाजारातला मधला दर असतो. सामान्य ग्राहकाला बँक किंवा मनीचेंजर त्यावर आपला नफा चढवून चलन विकतो. ग्राहकाकडून परत घेताना तो त्याच मधल्या दरापेक्षा कमी भाव देतो. या दोन भावांतला फरक ही त्याची कमाई.

काउंटरवरच्या पाटीवर ‘खरेदी’ आणि ‘विक्री’ असे दोन रकाने असतात. हे शब्द दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात. आपण डॉलर घ्यायला गेलो की दुकानदार ते विकत असतो, त्यामुळे आपल्यासाठी ‘विक्री’चा, म्हणजे जास्तीचा दर लागू होतो.

रोख नोटांचा दर कार्डावर भरायच्या रकमेच्या दरापेक्षा बहुधा महाग असतो. नोटा परदेशातून आणाव्या लागतात, त्यांचा विमा काढावा लागतो आणि त्या तिजोरीत पडून राहिल्या तर पैसा अडकतो. हा सगळा खर्च दरात मिसळलेला असतो.

‘झिरो कमिशन’ म्हणजे खरेच फुकट का?

नाही. कमिशन शून्य असले तरी नफा दरात असतो. एक दुकानदार डॉलर ९१ रुपयांना देऊन वर २०० रुपये शुल्क लावतो. दुसरा शुल्क घेत नाही, पण डॉलर ९३ रुपयांना देतो. हजार डॉलर घेतले तर ‘झिरो कमिशन’वाला १,८०० रुपयांनी महाग पडतो.

त्यामुळे शुल्काचे नाव काय आहे याकडे न पाहता एकच भागाकार करावा. खिशातून जाणारे एकूण रुपये, सर्व शुल्क आणि कर धरून, भागिले हातात पडणारे डॉलर. जे उत्तर येईल तोच आपला खरा दर. चौकशी करताना ‘आज डॉलर काय भाव?’ असे विचारू नये. ‘मला हजार डॉलर हवेत, सगळे मिळून नेमके किती रुपये द्यायचे?’ असे विचारावे. दोन बँका आणि दोन मनीचेंजर यांना एकाच दिवशी, साधारण एकाच वेळी हा प्रश्न विचारला की चित्र स्पष्ट होते. सकाळचा दर आणि संध्याकाळचा दर यांची तुलना मात्र करू नये, कारण मधल्या वेळात बाजारच हललेला असू शकतो.

चलन खरेदीवर जीएसटी किती लागतो?

जीएसटी १८ टक्के असला तरी तो पूर्ण रकमेवर लागत नाही. कायद्याने ठरवलेल्या छोट्या ‘सेवा मूल्या’वर तो लागतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात हे मूल्य रकमेच्या १ टक्का, किमान २५० रुपये धरले जाते. म्हणजे कर किमान ४५ रुपये आणि एक लाखाच्या खरेदीवर १८० रुपये. एक लाख ते दहा लाखांच्या टप्प्यात १,००० रुपये अधिक एक लाखावरील रकमेच्या अर्धा टक्का हे मूल्य असते. दोन लाखांच्या खरेदीवर ते १,५०० रुपये होते आणि त्यावर कर २७० रुपये.

थोडक्यात, कराचा बोजा किरकोळ आहे. ‘जीएसटीमुळे महाग पडते’ असे कोणी सांगत असेल, तर त्याने लावलेला दर पुन्हा एकदा पाहावा.

प्रत्यक्षात फरक किती पडतो?

हिशेब सोपा जावा म्हणून बाजारातला मधला दर ९० रुपये धरू. एका कुटुंबाला वरखर्चासाठी २,००० डॉलर हवे आहेत. मधल्या दराने त्यांची किंमत १,८०,००० रुपये होते. पुढचे दर उदाहरणादाखल आहेत, पण फरकाचा अंदाज यावरून येतो.

शहरातल्या मनीचेंजरने ९१ रुपये २० पैसे दर दिला, तर जीएसटीसह एकूण १,८२,६५४ रुपये द्यावे लागतील. मधल्या दरापेक्षा २,६५४ रुपये जास्त.

विमानतळावर ९६ रुपये दर लागला, तर एकूण १,९२,२६३ रुपये. म्हणजे १२,२६३ रुपये जास्त.

हीच रक्कम परदेशात साध्या क्रेडिट कार्डाने खर्च केली आणि बँकेने ३.५ टक्के मार्कअप व त्यावर १८ टक्के जीएसटी लावला, तर ४.१३ टक्के जादा खर्च होतो. एकूण साधारण १,८७,४३४ रुपये, म्हणजे ७,४३४ रुपये जास्त.

शहरातला मनीचेंजर आणि विमानतळ यांतला फरक साडेनऊ हजारांहून अधिक आहे. विमानतळावरच्या काउंटरला जागेचे भाडे मोठे असते आणि समोरच्या प्रवाशाला दुसरीकडे जायला वेळ नसतो. त्यामुळे तिथे स्पर्धा कमी आणि दर महाग. अगदी अडचण झालीच, तर टॅक्सीपुरते पैसे तिथे घ्यावेत. काही कंपन्या मोबाइलवर दर निश्चित करून चलन घरपोच किंवा विमानतळावर देतात. त्यांचा दर काउंटरच्या पाटीपेक्षा बरा असू शकतो. तोही वरच्याच भागाकाराने तपासावा.

रोख किती न्यावी? नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार (एलआरएस) भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात सर्व कारणांसाठी मिळून २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशात नेऊ किंवा पाठवू शकते. मात्र, नोटांच्या स्वरूपात बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलर एवढीच मर्यादा आहे. त्यावरची रक्कम कार्डावर न्यावी लागते. चलन प्रवासाच्या जास्तीत जास्त ६० दिवस आधी घेता येते. पॅन कार्ड, पासपोर्ट आणि प्रवासाचा तपशील लागतो. ५० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे चलन घेताना रुपये रोखीने देता येत नाहीत. धनादेश, कार्ड किंवा बँक खात्यातूनच द्यावे लागतात.

नियमाची मर्यादा आणि गरजेची मर्यादा यांत फरक आहे. टॅक्सी, रस्त्यावरचे खाणे, टिप, छोटी दुकाने आणि पहिल्या दोन दिवसांचा खर्च एवढीच रोख बहुतेक सहलींना पुरते. रोख हरवली तर गेली. कार्ड हरवले तर ते बंद करता येते.

थायलंड किंवा इंडोनेशियासारख्या देशांत डॉलर नेऊन तिथे स्थानिक चलन घ्यायचे असेल, तर १०० डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा मागून घ्याव्यात. तिथले अनेक मनीचेंजर लहान नोटांना कमी दर देतात आणि फाटलेल्या किंवा शाई लागलेल्या नोटा नाकारतात. चलन हाती पडले की काउंटरवरच नोटा तपासाव्यात.

नेपाळ आणि भूतानला जाणाऱ्यांनी डॉलर घेण्याचे कारण नाही. नेपाळी रुपयाचा दर भारतीय रुपयाशी १.६० असा बांधलेला आहे, तर भूतानचा न्गुलत्रुम रुपयाच्या बरोबरीचा आहे. रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे पुन्हा स्थानिक चलन करताना दोनदा कात्री लागते.

फॉरेक्स कार्ड कधी फायद्याचे?

फॉरेक्स कार्डावर आधीच डॉलर, युरो, पौंड असे चलन भरून ठेवता येते. भरताना जो दर लागला तोच कायम राहतो. पुढे रुपया घसरला तरी फरक पडत नाही. ज्या चलनात पैसे भरले त्याच चलनात खर्च केला, तर दुकानात वेगळा मार्कअप लागत नाही. युरोपला युरो, ब्रिटनला पौंड, अमेरिकेला डॉलर अशा सरळ प्रवासाला हे कार्ड चांगले.

अडचण होते ती चलन जुळत नसेल तेव्हा. थायलंडचा बाट, व्हिएतनामचा डोंग, इंडोनेशियाचा रुपिया ही चलने अनेक कार्डांवर भरताच येत नाहीत. मग डॉलर भरलेले कार्ड बँकॉकमध्ये वापरले की डॉलरमधून बाटमध्ये रूपांतर होते आणि त्यावर वेगळे ‘क्रॉस करन्सी’ शुल्क लागू शकते. ते ३.५ टक्के असेल, तर २,००० डॉलरवर ७० डॉलर, म्हणजे सहा हजारांहून अधिक रुपये जातात. कार्डात पैसे भरताना दिलेला दर आणि हे शुल्क मिळून असे कार्ड साध्या क्रेडिट कार्डापेक्षाही महाग पडू शकते. त्यामुळे कार्ड घेण्याआधी ‘मी ज्या देशात चाललो आहे त्याचे चलन या कार्डावर भरता येते का? नसेल तर किती टक्के लागतील?’ हा प्रश्न लेखी विचारून घ्यावा.

संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. तिथे डॉलर न्यावा की दिरहम, यावर भावाच्या चढ-उताराचा परिणाम होत नाही. फरक फक्त शुल्काचा. दोन्हींचे एकूण रुपये विचारून जे स्वस्त ते घ्यावे.

कार्ड देण्याचे, पुन्हा पैसे भरण्याचे, एटीएममधून काढण्याचे आणि बराच काळ न वापरल्याचे शुल्कही विचारून ठेवावे. एटीएममध्ये परदेशी बँकेचे शुल्क वेगळे असते. थायलंडमधील एटीएम परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी साधारण २२० बाट घेतात. २,००० बाट काढले तर हा ११ टक्के भुर्दंड आहे, २०,००० काढले तर १.१ टक्का. म्हणून थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढावे.

क्रेडिट आणि डेबिट कार्डाचे काय?

अनेक कार्डांवर परदेशातील खर्चाला ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप असतो. काहींवर तो २ टक्के किंवा शून्यही असतो. हा आकडा कार्डाच्या शुल्कपत्रकात असतो. शून्य मार्कअपचे कार्ड घरात असेल, तर हॉटेल, खरेदी आणि तिकिटांसाठी बहुधा तोच सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. मात्र, त्या कार्डाची वार्षिक फी वर्षातून एकदाच होणाऱ्या सहलीतून भरून निघते का, हेही पाहावे.

हॉटेल आणि भाड्याच्या गाडीची अनामत क्रेडिट कार्डावरच द्यावी. तिथे रक्कम फक्त अडकवून ठेवली जाते. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिले, तर खर्चासाठी ठेवलेले आपले खरे पैसेच काही दिवस अडकतात. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख मात्र काढू नये. त्यावर वेगळे शुल्क असते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नव्या डेबिट-क्रेडिट कार्डांवर परदेशातील वापर आपणहून सुरू करावा लागतो. निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये तो सुरू करून मर्यादा ठरवावी आणि परतल्यावर बंद करावा.

‘रुपयांत पैसे भरायचे का?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

नाही, हेच. परदेशात कार्ड यंत्राला लावले की अनेकदा पडद्यावर दोन आकडे येतात, एक स्थानिक चलनात आणि एक रुपयांत. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून बरेच जण तो निवडतात. इथे रूपांतराचा दर आपली बँक ठरवत नाही. दुकानाच्या बाजूची यंत्रणा तो ठरवते आणि त्यात तिचा नफा चढवलेला असतो.

वरच्याच ९० रुपयांच्या हिशेबाने दुबईतले १,००० दिरहमचे बिल साधारण साडेचोवीस हजार रुपयांचे होते. यंत्राने पाच टक्के चढवले, तर १,२०० रुपयांहून अधिक जादा जातात. वर काही भारतीय बँका परदेशात रुपयांत केलेल्या अशा व्यवहारावरही शुल्क लावतात. दुकानदाराने स्वतःच रुपये निवडले असतील, तर पिन टाकण्यापूर्वी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे. एटीएममध्येही हाच प्रश्न येतो. तिथेही स्थानिक चलनच निवडावे.

परदेशात यूपीआय चालते का?

भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स, मॉरिशस आणि श्रीलंका येथे काही ठिकाणी भारतीय यूपीआय अॅपने पैसे देता येतात. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांपासून सुरुवात झाली, त्याच महिन्यात मॉरिशस व श्रीलंकेतही ही सोय आली. मात्र, देशात यूपीआय फुकट आहे म्हणून परदेशातही तसेच असेल असे समजू नये. तिथेही चलनाचे रूपांतर होते आणि बँक शुल्क लावू शकते. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर दिसणारा रुपयांचा आकडा पाहावा. शिवाय, प्रत्येक दुकानात सोय नसते, त्यामुळे केवळ यूपीआयच्या भरवशावर निघू नये.

टीसीएस कधी लागतो? ते पैसे जातात का?

१ एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात एलआरएसखाली १० लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम नेली, तर सहलीच्या कारणासाठी जादा रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. १२ लाखांचे चलन घेतले तर वरच्या दोन लाखांवर ४० हजार रुपये. मर्यादा प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र आहे, त्यामुळे स्वतः आखलेल्या सहलीत बहुतेक कुटुंबांवर ही वेळ येत नाही. परदेशात प्रत्यक्ष वापरलेले आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड सध्या या मोजणीत धरले जात नाही. फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्ड मात्र धरले जातात.

टूर कंपनीच्या परदेशी पॅकेजसाठी टीसीएसचा नियम वेगळा आहे आणि त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत. बुकिंग करताना ही रक्कम बिलावर स्वतंत्र दाखवायला सांगावी. टीसीएस हा जादा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला प्राप्तिकर आहे. विवरणपत्र भरताना तो देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. पण तोवर पैसे अडकतात, हे बजेट करताना लक्षात ठेवावे.

रुपया घसरतोय, मग चलन आधीच घ्यावे का?

पुढच्या महिन्यात डॉलर कुठे असेल, हे खात्रीने कोणी सांगू शकत नाही. सहलीच्या बजेटसाठी हा जुगार खेळण्याची गरज नाही. तारखा पक्क्या झाल्या की ६० दिवसांच्या मुदतीत दोन-तीन हप्त्यांत चलन घ्यावे. सरासरी दर मिळतो आणि एकाच वाईट दिवशी सगळी खरेदी होत नाही. बाजाराचा दर आपल्या हातात नाही, त्यावर चढणारा नफा मात्र चौकशी करून कमी करता येतो.

डॉलरसाठी आणखी एक मार्ग आहे. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे ‘एफएक्स-रिटेल’ हे व्यासपीठ ऑगस्ट २०१९ पासून सुरू आहे. आपल्या बँकेमार्फत नोंदणी केली की तिथे बाजारातला दर दिसतो आणि बँकेचा आकार वेगळा कळतो. खरेदी केली नाही, तरी बँकेशी घासाघीस करायला तो आकडा उपयोगी पडतो.

‘स्वस्त’ डॉलर देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून घ्यावेत का?

बिलाशिवाय चलन घेणे ‘फेमा’ कायद्याचे उल्लंघन आहे. दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. नोट खोटी निघाली तर तक्रार कोणाकडे करणार, हा प्रश्न वेगळाच. बँक किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला मनीचेंजर यांच्याकडूनच चलन घ्यावे. परवानाधारकांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. पावती जपून ठेवावी.

उरलेल्या चलनाचे काय करायचे?

परत विकताना पुन्हा कात्री लागते. ९१ रुपये २० पैशांना घेतलेला डॉलर ८८ रुपये ८० पैशांना विकला, तर ३०० डॉलरमागे ७२० रुपये गेले. म्हणून सुरुवातीलाच कमी रोख न्यावी, लागली तर कार्ड वापरावे. नाणी मनीचेंजर सहसा घेत नाहीत. शेवटच्या दिवशी चहा-कॉफीला ती आधी खर्च करावीत.

नियमानुसार परतल्यापासून १८० दिवसांत उरलेले चलन बँकेत किंवा मनीचेंजरकडे जमा करायचे असते. मात्र २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात, नाण्यांना मर्यादा नाही. वर्षभरात पुन्हा जायचे असेल, तर विकण्यापेक्षा ठेवणेच बरे.

थोडक्यात, कशाचा किती वाटा असावा?

सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही, पण बहुतेक कुटुंबांना तीन भाग सोयीचे पडतात. पहिल्या दोन दिवसांची रोख शहरातून, चार ठिकाणी विचारून घेतलेली. मुख्य खर्चासाठी स्थानिक चलन भरलेले फॉरेक्स कार्ड किंवा कमी मार्कअपचे क्रेडिट कार्ड. आणि अडीअडचणीला दुसऱ्या बँकेचे एक कार्ड, जे पहिल्या कार्डाच्या पाकिटात नसेल. चार फोन आणि एक भागाकार यांना अर्धा तास लागतो. चार जणांच्या सहलीत त्या अर्ध्या तासाचे मोल एका दिवसाच्या हॉटेलभाड्याएवढे असू शकते.